पिस्त्याला पण थंडी लागते

दिवाळी जवळ आली की माझा फोन दिवसभर वाजत असतो. मी वाशीच्या एपीएमसीत, मसाला मार्केटमध्ये एका ड्रायफ्रूटवाल्या शेठकडे अकाउंट्स बघते, त्यामुळे सानपाड्यापासून डोंबिवलीपर्यंतच्या सगळ्या आत्या, माम्या आणि सोसायटीतल्या मैत्रिणी भाव मलाच विचारतात. "काजूचं समजू शकतो गं, बदामाचं पण ठीक आहे, पण पिस्ता एवढा का महाग?" आता याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, कारण ते उत्तर वाशीत नाहीच, ते पार कॅलिफोर्नियातल्या एका खोऱ्यात आहे, आणि मला त्या विषयाबद्दल इतकं बोलावंसं वाटतं की फोनवर समोरचा माणूस कंटाळेल. म्हणून इथे निवांत लिहिते.

माझी बहीण फ्रेस्नोला असते. तिचा मुलगा तिथे इरिगेशनच्या कामात आहे, म्हणजे बागांमध्ये ठिबकच्या लाइनी टाकणं, जमिनीत ओलाव्याचे सेन्सर बसवणं, पंप बघणं असलं सगळं. तिच्याकडे गेलो तेव्हा भाचा म्हणाला, मावशी तू रोज पिस्त्याची बिलं बनवतेस ना, चल तुला झाड दाखवतो. सप्टेंबर होता, काढणीचा सीझन, ऊन आपल्या मे महिन्याचं पण घाम नाही, हवा एकदम कोरडी. ओळीच्या ओळी झाडं, फार उंच नाहीत, गोलसर, पानं जाड आणि काळपट हिरवी, आणि फांदीच्या टोकाला घोस लटकलेले. त्याने एक घोस तोडून माझ्या हातात दिला आणि मी आधी वास घेतला, सवयच आहे ती. कैरीचा देठ मोडल्यावर चिकाचा जो वास येतो ना, अगदी त्याच्या जवळचा वास!

आणि तो येणारच, कारण पिस्ता आंब्याच्याच कुळातला आहे. आंबा, काजू, बिब्बा, पिस्ता, सगळी एका कुळातली झाडं, बॉटनीवाले त्याला अ‍ॅनाकार्डिएसी म्हणतात. माझं माहेर राजापूर तालुक्यातलं, घरामागे हापूसची कलमं आणि वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, काजू, काजूगराचं टरफल फोडताना तेल लागून बोटांची सालं निघायची, बिब्बा उतल्याने आजीच्या पायावर फोड आलेले मला आठवतात, तर ही चिकाची आणि तेलाची सगळी मंडळी एकमेकांची नातलग आहेत हे कळल्यावर मला पिस्ता एकदम घरचा वाटायला लागला. घोसातल्या एका फळावर अंगठा दाबला की वरची गुलाबी-पिवळी साल सुळकन सरकते. साल अशी सुटायला लागली की फळ तयार झालं असं समजतात. आत ओलं पांढरं कवच, एका बाजूने आधीच उकललेलं, आणि त्यात जांभळट सालीतला हिरवा गर. ओला पिस्ता मऊ असतो, किंचित गोड, मीठबीठ काही नाही. आपल्याकडे आपण जो खातो त्याच्यापेक्षा फार वेगळी चव आहे, आणि खरं सांगते, मला जास्त आवडली.

बरेच जण विचारतात की ते कवच मशीनने फोडतात का. नाही हो, ते झाडावरच उकलतं. पिस्त्याची गंमत अशी की आधी कवच पूर्ण वाढतं आणि गर नंतर भरतो. मे महिन्यात झाडावर पूर्ण साइजचं कवच दिसतं पण आत जवळजवळ काही नसतं, गर भरायला लागतो तो जूनच्या शेवटाला आणि जुलैत, आणि तो वाढत वाढत गेला की कवच शिवणीवर उकलतं. म्हणजे शेतकऱ्याला बाग लगडलेली दिसते पण आतमध्ये दाणा आहे की फोल आहे हे उन्हाळा बऱ्यापैकी सरल्याशिवाय कळत नाही. जी कवचं उकलत नाहीत ती फॅक्टरीत वेगळी काढतात, सुया लावलेल्या फिरत्या ड्रममधून माल जातो, उघड्या कवचात सुई अडकते आणि ते उचललं जातं, बंद असलेलं खालीच राहतं, आणि मग बंदवाले फोडून त्याचा नुसता गर विकतात. आपण बासुंदीवर, श्रीखंडावर जो काप घालतो त्यातला बराच माल असाच आलेला असतो.

आता ते खोरं. त्याचं नाव सॅन वाकिन व्हॅली. कॅलिफोर्नियाच्या मधोमध जी लांबच लांब सपाट पट्टी आहे तिचा दक्षिणेकडचा भाग. पूर्वेला सिएरा नेवाडाचे डोंगर, त्यावर हिवाळ्यात बर्फ साठतं, पश्चिमेला समुद्राकडची डोंगररांग, आणि मध्ये जमीन इतकी सपाट की आपल्यासारख्या घाटातून येणाऱ्या जाणाऱ्या माणसाला सुरुवातीला चुकल्यासारखं होतं. मडेरा, फ्रेस्नो, किंग्ज, टुलारी, कर्न ही तिथली काउंटींची नावं, आमच्या इन्व्हॉइसवर यातलं एखादं नाव असतंच. फ्रेस्नोला वर्षाला पाऊस किती, तर २८ सेंटीमीटरच्या आसपास. आपल्या नवी मुंबईत जुलैत दोन दिवस नीट लागला की एवढा होऊन जातो! आणि तो पण सगळा हिवाळ्यात, उन्हाळ्यात थेंब नाही. द्राक्षं, बदाम, संत्री, टोमॅटो, कापूस, दूध, सगळं याच खोऱ्यात, आणि सगळं डोंगरावरचं बर्फ वितळून येणाऱ्या पाण्यावर, कालव्यांवर आणि बोअरवर. फ्रेस्नोच्या आजूबाजूला पंजाबी शेतकरी पण बरेच आहेत, त्यांचे पूर्वज शंभर वर्षांपूर्वीच तिथे मजुरीला गेले होते, भाच्याचे निम्मे क्लायंट तेच. एका सरदारजी काकांनी आम्हाला बागेतच चहा पाजला, आलं घालून.

पण पिस्ता काही तिथला नाही. तो मुळचा इराण, अफगाणिस्तान, मध्य आशिया या पट्ट्यातला. १९२९ साली अमेरिकेच्या शेती खात्याने विल्यम व्हाइटहाउस नावाच्या माणसाला इराणला पाठवलं, तो बाजारात, बागांमध्ये फिरून चांगलं बी गोळा करत राहिला आणि परत आला तेव्हा त्याच्याकडे साधारण २० पौंड बी होतं, म्हणजे ९ किलो. कॅलिफोर्नियातल्या चिको इथल्या सरकारी फार्मवर ते लावलं. जवळपास ३,००० रोपांमधून बघता बघता जेमतेम वीसेक झाडं कामाची निघाली आणि त्यातल्या एकाला नाव दिलं केरमान, कारण ते बी केरमान प्रांतातल्या रफसंजानचं होतं. हे वाण १९५७ मध्ये लोकांना दिलं. विचार करा, बी आणलं १९२९ ला, वाण हातात आलं १९५७ ला, आणि बाजारात पहिलं म्हणावं असं पीक आलं १९७६ मध्ये, ते पण फक्त १५ लाख पौंड. ज्याने बी गोळा केलं त्याचं जवळजवळ सगळं करिअर यात गेलं. नंतर १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकन वकिलातीतल्या लोकांना ओलीस धरलं, त्या प्रकरणावरून इराणच्या मालावर बंदी आली, १९८६ मध्ये इराणी कच्च्या पिस्त्यावर अमेरिकेने २४१ टक्के ड्युटी लावली, आणि मग या खोऱ्यातल्या बागा वाढतच गेल्या. २०२३ चं पीक १४९ कोटी पौंडांच्या घरात होतं. अमेरिकेचा ९९ टक्के पिस्ता आज एकट्या कॅलिफोर्नियाचा आहे.

इराणी माल आमच्याकडे पण येतो बरं का, अकबरी, फंदोगी अशी त्याची नावं, अकबरी लांबट आणि फंदोगी गोल. आमचे शेठ इराणी मालाची चव चांगली म्हणतात आणि कॅलिफोर्नियाचा माल साइजला सारखा आणि उघडा जास्त म्हणतात. पोत्यातून मूठभर काढून ट्रेमध्ये पसरतात, फोडत फोडत जातात आणि बंद, काळे डाग पडलेले, फोल असे तीन ढीग वेगळे करतात, बोलत काही नाहीत, ढिगांकडे बघूनच समोरच्याला कळतं की सौदा होणार की नाही.

आता मेन मुद्दा, थंडीचा. पिस्त्याचं झाड हिवाळ्यात सगळी पानं टाकून झोपतं, आणि त्याला नीट जागं व्हायला आधी पुरेशी थंडी मिळावी लागते. ७ डिग्रीच्या खाली साधारण ७०० ते ९०० तास. हे तास मोजतात, अक्षरशः मोजतात, भाच्याच्या फोनवर त्याचं पेज होतं. त्या खोऱ्यात हिवाळ्यात दाट धुकं पडतं, टुली फॉग म्हणतात त्याला, दिवस दिवस ऊन दिसत नाही, हायवेवर गाड्या आदळतात, सगळे त्याला कंटाळलेले, पण झाडांना तेच धुकं हवं असतं कारण ते कळीवर ऊन पडू देत नाही आणि कळी थंड राहते. कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या बर्कले इथल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की ३२ वर्षांत अशा धुक्याचे दिवस ४६ टक्क्यांनी कमी झाले. आणि लगेच पुढच्याच वर्षी सगळ्यांना ते बघायला मिळालं. २०१४-१५ चा हिवाळा उबदार गेला, आणि २०१५ चं पीक आदल्या वर्षीच्या जवळपास निम्म्यावर आलं. झाडावर कवचं होती, पण फोडलं की आत काहीच नाही, फोलच फोल.

असं का होतं, तर पिस्त्यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. वीसेक माद्यांमागे एखादा नर लावतात, पीटर्स नावाचं नर वाण त्यातलं जुनं. फुलाला पाकळ्या नाहीत, मध नाही, म्हणून मधमाश्यांचा उपयोग नाही, नुसत्या वाऱ्यावर पराग जातो. आता थंडी कमी पडली की नर वेगळ्या वेळी फुलतो, मादी वेगळ्या वेळी, फुलोरा अर्धवट, पुढेमागे, आणि मग पराग पोचतच नाही किंवा उशिरा पोचतो. शेतकऱ्यांनी काय काय नाही केलं, झाडांवर पांढऱ्या मातीचं पाणी फवारलं जेणेकरून हिवाळ्यातलं ऊन परत फिरावं आणि कळी तापू नये. कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीने २००५ मध्ये गोल्डन हिल्स म्हणून नवीन वाण काढलं, ते लवकर तयार होतं आणि थोडी कमी थंडी चालते त्याला, नवीन बागांमध्ये ते बरंच लावलं गेलंय. पण जुनी बाग काय उपटून टाकणार?

हे सगळं भाचा सांगत होता आणि मला माझा दादा दिसत होता. राजापूरला आमच्या हापूसचं पण तेच आहे ना. दिवाळीनंतर थंडी नीट पडली तर मोहोर धरतो, ढग आले, उकाडा राहिला, अवकाळी पडला की सगळा खेळ बिघडतो, एकाच झाडावर मोहोर, कणी, सुपारीएवढी कैरी असं सगळं एकत्र दिसतं. दादा डिसेंबरात पहाटे उठून आधी अंगणात येऊन थंडी किती आहे ते बघतो, मग तोंड धुतो. बाजारातला माणूस फक्त एवढंच म्हणतो की यंदा पेटी महाग आहे. मागे काय गेलंय ते कोणाला दिसत नाही. म्हणूनच मला हे पिस्त्याचं लिहायचं होतं. आणि अजून एक, हापूस जसा एक वर्षाआड भरतो तसाच पिस्ता पण, एक वर्ष भरभरून, पुढचं वर्ष मोकळं. भरलेल्या वर्षी गर पोसताना झाड पुढच्या वर्षाच्या कळ्या स्वतःच गाळून टाकतं. आपल्याकडे आंब्याला कल्टार, म्हणजे झाडाची वाढ रोखणारं औषध, घालून दरवर्षी फळ घेतात, पिस्त्यावर असा हमखास उपाय नाही, छाटणी करून थोडंफार सावरतात एवढंच.

आता मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं ती गोष्ट. भाच्याने एका झाडाच्या बुंध्यावर, जमिनीपासून थोडं वर, हात ठेवला आणि म्हणाला इथे जोड बघ. कलम होतं! वरचं लाकूड वेगळं, खालचं वेगळं, मध्ये आडवी रेघ, खालची साल जास्त खडबडीत. वर केरमान आणि खाली खुंट दुसऱ्याच जातीचा. तिथे पूर्वी कापूस घेतलेल्या जमिनींमध्ये एक बुरशी राहते, व्हर्टिसिलियम, ती मुळातून शिरते आणि झाड वाळून जातं, सुरुवातीच्या काळात कितीतरी बागा त्यात गेल्या. मग त्या बुरशीला दाद न देणारा एक खुंट सापडला, पिस्ताशिया इंटेगेरिमा. आता हे झाड कुठलं, तर आपल्या हिमालयातलं. आणि ते म्हणजे आपली काकडशिंगी! त्याच झाडाच्या पानांवर किड्यामुळे शिंगासारख्या पोकळ गाठी येतात आणि त्या गाठी म्हणजे काकडशिंगी, जी नागरमोथा, पिंपळी आणि अतिविषासोबत बाळचातुर्भद्र चूर्णात असते, जे मधात कालवून माझ्या आईने मला चाटवलं आणि मी माझ्या मुलीला चाटवलं. आमच्या ऑफिसपासून पाच मिनिटांवर काष्ठौषधीचा गाळा आहे, तिथे गोणीत भरून ठेवलेली असते. आज तिथल्या नवीन बागा बहुतेक यूसीबी-वन नावाच्या खुंटावर असतात आणि तो पण अर्धा या काकडशिंगीचाच, दुसऱ्या एका जंगली पिस्त्याशी संकर करून काढलेला. म्हणजे इराणी डोळा हिमालयातल्या मुळावर बांधलाय आणि कॅलिफोर्नियात फळ देतोय आणि ते फळ न्हावा शेवाला उतरून तुर्भ्याला येतंय. मी त्या जोडावर हात फिरवून बघितला, आमच्या कलमांचा जोड असतो तसाच, थोडा फुगीर.

काढणी बघितली ती पण सांगते. दोन मशिनी झाडाच्या दोन्ही बाजूंनी येतात, दोघींना तिरके पत्रे असतात, ते झाडाखाली जुळतात, एक मशीन बुंधा रबरी जबड्यात पकडते आणि मग झाडाच्या अंगात आल्यासारखं ते थरथरतं, मोजून काही सेकंद, आणि सगळा पिस्ता पत्र्यावर गारांसारखा कोसळतो आणि घरंगळत पेटीत जातो. जमिनीला एक दाणा लागू देत नाहीत. बदाम तिथे जमिनीवर पाडून, वाळवून, झाडून गोळा करतात, पण पिस्त्याचं कवच उघडं असतं, मातीत पडला की आत घाण जाणार, बुरशी लागणार, म्हणून ही काळजी. आणि पुढे घाई. साल २४ तासांच्या आत काढावी लागते, नाहीतर सालीचा रंग कवचाला लागतो आणि डाग पडतात. पूर्वी अमेरिकेत बाहेरून येणारा पिस्ता लाल रंगवून विकायचे तो हे डाग लपवायलाच. आता काढणीच्या दिवसांत रात्रंदिवस ट्रक प्लांटकडे पळत असतात. अफ्लाटॉक्सिनचं टेस्टिंग असतं, ते बुरशीचं विष, नॅव्हल ऑरेंजवर्म नावाची अळी कवचात शिरली की त्याचा धोका वाढतो. आपल्या बंदरावर पण माल तपासून सोडतात, रिपोर्ट येईपर्यंत आमचा कंटेनर अडकून असतो आणि शेठ येरझाऱ्या घालत असतात.

पाण्याचं मात्र सगळ्यात अवघड आहे आणि ते बघून मला खरंच वाईट वाटलं. पिस्त्याचं झाड चिवट आहे, खारट पाणी आणि खारट जमीन बदामापेक्षा पुष्कळ जास्त सहन करतं, पाणी कमी पडलं तरी मरत नाही, म्हणून जिथे दुसरं काही नीट येत नव्हतं त्या जमिनींवर पण लोकांनी पिस्ता लावला. पण मरत नाही म्हणजे पाणी लागत नाही असं नाही, चांगलं पीक हवं तर पाणी द्यावंच लागतं. आणि टोमॅटोवाला दुष्काळात एक वर्ष जमीन पडीक ठेवू शकतो, पिस्तेवाला नाही ठेवू शकत, त्याचे सहा-सात वर्षं तर पहिलं पीक यायलाच गेलेले असतात, पूर्ण भरात यायला बारा-पंधरा, मग झाड पुढे कितीतरी दशकं देत राहतं. एकदा लावली की ती बाग दरवर्षी पाणी मागणारच. मग बोअर खोल खोल गेले. खोऱ्यात मेंडोटाजवळ १९७७ साली काढलेला एक फोटो आहे, जोसेफ पोलंड नावाचा भूगर्भशास्त्रज्ञ खांबाजवळ उभा आहे आणि खांबावर त्याच्या डोक्याच्या कितीतरी वर १९२५ ची पाटी आहे, म्हणजे १९२५ साली जमीन तिथे होती. जवळपास २८ फूट खचली, पाणी उपसून उपसून. भाच्याने मला हा फोटो गाडीतच दाखवला आणि म्हणाला मावशी, आपण आत्ता ज्या रस्त्याने चाललोय ना, हा पण खाली गेलाय.

२०१४ मध्ये तिथे भूजलाचा कायदा झाला, त्यानुसार २०४० च्या सुमाराला उपसा आणि भरणा यांचा मेळ बसवायचाय. पब्लिक पॉलिसी इन्स्टिट्यूट ऑफ कॅलिफोर्नियाचा अंदाज असा की त्यासाठी या खोऱ्यात किमान ५ लाख एकर जमीन शेतीतून काढावी लागेल. आणि दुसऱ्या टोकाला २०२३ चा हिवाळा, इतकं बर्फ आणि पाऊस झाला की टुलारी नावाचं जुनं सरोवर, जे शंभर वर्षांपूर्वी कालवे काढून कोरडं करून शेतं केली होती, ते परत भरलं, त्यात पिस्त्याच्या बागा पण पाण्यात उभ्या राहिल्या. कधी काहीच नाही, कधी एकदम सगळं. इराणमध्ये रफसंजानला पण हेच झालंय, जिथून ते ९ किलो बी आलं तिथेच. पूर्वी कनात म्हणून जमिनीखालचे उताराचे बोगदे होते, जेवढं पाणी झिरपेल तेवढंच बाहेर यायचं, नंतर पंप आले, पाणी खोल गेलं, खारट झालं, बागा वाळल्या. म्हणजे जगातल्या दोन मोठ्या पिस्त्याच्या मुलखांची दुखणी अगदी सारखी आहेत.

तर आत्या, माम्या, मैत्रिणींनो, पिस्ता महाग का याचं उत्तर हे आहे. झाडाला फळ यायला सहा-सात वर्षं, एक वर्षाआड पीक, थंडी कमी पडली की फोल, पाणी विकतचं, २४ तासांत प्लांटला पोचवायची घाई, वर जहाजाचं भाडं, ड्युटी, डॉलरचा रेट. त्यात आता हे दुबई चॉकलेट आलं, २०२४ पासून जगभर पिस्त्याच्या गराला अशी मागणी आली की गराचा भाव एकदम वर गेला. माझं मत विचाराल तर चॉकलेटमध्ये पिस्त्याची चव लागतच नाही, साखरच लागते, एवढं लांबून आलेलं फळ असं घालवू नये.

घेताना काय बघायचं ते पण सांगते. कवचासकट घ्या, स्वस्त पडत नाही पण फसवणूक होत नाही. हिरवेगार काप सुटे विकतात त्यात रंगवलेले शेंगदाणे निघतात, अस्सल पिस्त्याचा काप आतून पोपटी-पिवळसर आणि कडेला जांभळट सालीचा असतो, सगळीकडे एकसारखा हिरवागार कधीच नसतो. दुकानदाराला विचारून एक फोडून खा, खवट असेल तर लगेच कळतं. पॅकेटवर किंवा पोत्यावर २१-२५ असं काही लिहिलेलं असतं ते म्हणजे एका औंसात किती नग बसतात, आकडा जितका लहान तितका दाणा मोठा, पण मोठा म्हणजे चवीला चांगला असं काही नाही, खायला मी स्वतः मधलाच घेते. आणि आपल्या इथल्या दमट हवेत, पावसाळ्यात तर नक्कीच, घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. मऊ पडला तर कढईत मंद गॅसवर दोन मिनिटं परता, परत कुरकुरीत होतो.

आणि एक चांगली गोष्ट राहिली. त्याच फ्रेस्नो काउंटीत डॉन कॅमेरॉन म्हणून एक शेतकरी आहेत, टेरानोवा रँच त्यांची, त्यांनी २०११ च्या पुराचं पाणी मुद्दाम आपल्या शेतात घेतलं, द्राक्षबागेत, पिस्त्याच्या बागेत, उभ्या झाडांमध्ये पाणी साठू दिलं आणि जमिनीत मुरवलं. लोक म्हणत होते झाडं कुजतील. नाही कुजली. आता सरकार आणि युनिव्हर्सिटी दोघंही हे करा म्हणून सांगतात, भाच्याची कंपनी पण अशी कामं घेते, हिवाळ्यात पाणी आलं की कुठल्या ब्लॉकमध्ये किती दिवस सोडायचं हे तो बसून ठरवतो.

मी हे दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, आपल्याकडे पाऊस एवढा पडतो आणि मार्चला विहिरीचा तळ दिसतो, मग आपण का नाही करायचं. गावाने ओढ्यावर वनराई बंधारा घातला आहे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांमध्ये माती भरून, पण त्याच्या वरच्या सड्यावरचं पाणी सरळ वाहून जातं. आता तो वर कलमांच्या ओळींमध्ये उताराला आडवे चर मारायचं म्हणतोय, जांभा फोडायला मशीन लागणार, त्याचे पैसे किती होतील ते विचारून ठेवलंय. भाच्याने त्याच्याकडून सड्याचे फोटो आणि उताराची मापं मागवली आहेत, आणि दोघांचं रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलणं ठरलंय.